नोज आर्टवाली लढाऊ विमानं: डायकास्ट संग्रह कसा उभा करावा

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या नाकावर नाव आणि चित्र, म्हणजे नोज आर्ट, आलं की ते नुसतं 'एक मस्टँग' (अमेरिकन पी-५१ लढाऊ विमान) उरत नाही. ते ठराविक वैमानिकाचं, ठराविक शेपटी-क्रमांकाचं विमान असतं, आणि बहुतेक वेळा काही आठवडेच तसं दिसलेलं असतं. पट्टे पुसले जातात, रंग खरवडला जातो, पाडलेल्या विमानांच्या खुणा वाढतात, वैमानिक तुकडी बदलतो आणि जुनं नाव नव्या विमानावर जातं. म्हणून डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या मॉडेलांच्या, या संग्रहाचा पाया एकच: प्रत्येक मॉडेल म्हणजे एक विमान आणि एक तारीख. मॉडेलवरच्या सगळ्या गोष्टी त्या तारखेला एकत्र असू शकत होत्या का, हे तपासता आलं की चकचकीत खोक्यांचा मोह आपोआप कमी होतो.

पहिली पायरी: धागा ठरवा, मग खरेदी

जे आवडेल ते घेत गेलं तर वर्षभरात कपाट भरतं आणि संग्रह मात्र दिसत नाही. आधी एक धागा धरा आणि पहिली सहा मॉडेलं त्याच धाग्यातली घ्या.

सर्वात सोपा धागा इंग्लंडमधल्या अमेरिकन आठव्या हवाई दलाचा. तिथल्या प्रत्येक फायटर ग्रुपच्या (काही स्क्वॉड्रन, म्हणजे लढाऊ तुकड्या, मिळून झालेला गट) विमानांच्या नाकाचा रंग ठरलेला होता: बॉडनीच्या ३५२व्या ग्रुपचं निळं नाक, डेब्डनच्या चौथ्याचं लाल, बॉटिशॅमच्या ३६१व्याचं पिवळं, डक्सफर्डच्या ७८व्याचे काळे-पांढरे चौकोन, लेस्टनच्या ३५७व्याचे लाल-पिवळे चौकोन. एकाच कप्प्यात ही पाच नाकं शेजारी उभी राहिली की मांडणीला अर्थ येतो. दुसरा धागा इटलीतल्या रामितेल्लीहून उडणाऱ्या ३३२व्या ग्रुपचा, म्हणजे कृष्णवर्णीय टस्कीगी वैमानिकांच्या लाल शेपटीच्या विमानांचा. चार्ल्स मॅगीचं 'किटन' आणि रॉस्को ब्राउनचं 'बनी' ही त्यातली ठळक नावं.

तिसरा धागा आपल्या जवळचा आहे आणि आमच्या मते सर्वात दुर्लक्षित. आसामातल्या नागाघुली धावपट्टीवरून ८०वा फायटर ग्रुप, म्हणजे 'बर्मा बॅन्शीज', पी-४०एन विमानं उडवत असे. हिमालयावरून चीनला रसद नेणाऱ्या मालवाहू विमानांचं रक्षण हे त्यांचं काम. त्यांच्या विमानांच्या अख्ख्या नाकावर पांढरी कवटी रंगवलेली असे. फिलिप अडेअरचं ४४ क्रमांकाचं 'लुलू बेल' त्यातलं प्रसिद्ध विमान. याच आघाडीवर हैलाकांदीहून उडणाऱ्या पहिल्या एअर कमांडो ग्रुपच्या पी-५१ए विमानांच्या धडावर पाच तिरके पांढरे पट्टे असत. भारतीय मातीवरून लढलेली ही विमानं भारतीय संग्रहात असायला हवीत.

दुसरी पायरी: स्केल आणि जागेचं गणित

लढाऊ विमानांसाठी १:७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, हे मुख्य स्केल. विषयांची निवड इथेच सर्वाधिक आहे. १:४८ मध्ये चित्र छान वाचता येतं, पण डायकास्टमध्ये नवीन माल कमी येतो आणि बरीचशी खरेदी जुन्या बाजारातून करावी लागते. १:१८ ची मोठी विमानं बहुतेक प्लास्टिकची असतात.

आकार असे काढा: खऱ्या विमानाचं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि स्केलने भागा. पी-५१डी मस्टँगचा पंखविस्तार ११.२८ मीटर, लांबी ९.८३ मीटर. १:७२ मध्ये ते १५.७ बाय १३.७ सेंटिमीटर होतं, १:४८ मध्ये २३.५ बाय २०.५, आणि १:१८ मध्ये पंखविस्तारच जवळपास ६३ सेंटिमीटर. पी-४७ थंडरबोल्ट १:७२ मध्ये १७.३ सेंटिमीटर रुंद, तर दोन इंजिनांचं पी-३८ लाइटनिंग २२ सेंटिमीटर.

८० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल कप्पा घेतला, रांगेतल्या शेजारच्या दोन विमानांमध्ये ३ सेंटिमीटर मोकळे ठेवले, तर १:७२ ची मस्टँग एका रांगेत चार बसतात आणि दोन रांगांत मिळून आठ. लाइटनिंग मात्र एका रांगेत तीनच, आणि १६ सेंटिमीटर लांबीमुळे दुसरी रांग होतच नाही. बॉम्बरचा मोह होईल तेव्हा आठवा: १:७२ चं बी-१७ एकटंच ४४ सेंटिमीटर रुंद असतं.

चित्राचंही गणित करा. खऱ्या विमानावर २० सेंटिमीटर उंचीची अक्षरं १:७२ मध्ये २.८ मिलिमीटरची होतात आणि १:४८ मध्ये ४.२ मिलिमीटरची. चित्र नुसत्या डोळ्यांनी बघायचं असेल तर हा फरक मोठा आहे. १:७२ चा संग्रह करणाऱ्याने १० पट भिंग घ्यावंच.

तिसरी पायरी: बनवणारे आणि त्यांचे साचे

१:७२ मध्ये हॉबी मास्टर आणि ब्रिटनच्या कॉर्गीची 'एव्हिएशन आर्काइव्ह' मालिका ही दोन मुख्य नावं. हॉबी मास्टरच्या विमानांचे क्रमांक 'एचए'ने सुरू होतात, कॉर्गीचे 'एए'ने. ऑक्सफर्ड डायकास्ट स्वस्तात साधी पण नीट विमानं देतं. ड्रॅगन आणि जेमिनी एसेस यांचा माल आता जुन्या बाजारातच. १:४८ साठी फ्रँकलिन मिंटची 'आर्मर' मालिका आणि कॅरोसेल वन शोधा. मासिकांसोबत आलेली स्वस्त विमानं संग्रहाच्या सुरुवातीला चालतात, पण त्यांची छपाई जाड असते आणि चाकं बहुधा कायमची चिकटवलेली असतात.

एक कंपनी एक साचा बनवते आणि त्यावर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वैमानिकांचे रंग चढवते. नोज आर्टच्या संग्रहातल्या निम्म्या चुका इथून येतात, कारण चित्र बरोबर असतं आणि खालचं विमान चुकीच्या उपप्रकाराचं. म्हणून कंपनीपेक्षा साचा बघायला शिका.

चौथी पायरी: मॉडेल फोटोशी ताडून बघणं

इथे वेळ द्या. खऱ्या विमानाचा युद्धकाळातला किमान एक फोटो मिळाल्याशिवाय मॉडेल घेऊ नका. आज उडणारी संग्रहालयातली विमानं पुरावा म्हणून धरायची नाहीत. त्यातली बरीच भलत्याच विमानावर प्रसिद्ध रंग चढवून तयार केलेली असतात. फोटो समोर ठेवा आणि पुढच्या क्रमाने बघा.

सुरुवात शेपटीवरच्या क्रमांकाने करा. अमेरिकन विमानाचा अनुक्रमांक ४४-१३३२१ असेल तर शेपटीवर ४१३३२१ असं लिहिलेलं असे, म्हणजे वर्षाचा पहिला आकडा गाळून. अमेरिकन वैमानिक जॉर्ज प्रेडीचं 'क्राइप्स ए मायटी थर्ड' ते हेच. याच विमानातून ६ ऑगस्ट १९४४ ला त्याने एका उड्डाणात सहा विमानं पाडली. धडावर तुकडीचा संकेत 'एचओ-पी'. पुढे प्रेडीकडे ३२८व्या स्क्वॉड्रनचं नेतृत्व आलं आणि विमान बदललं: ४४-१४९०६, संकेत 'पीई-पी', नाव तेच पण 'थर्ड' नाही. २५ डिसेंबर १९४४ ला आपल्याच बाजूच्या विमानविरोधी तोफांनी तो मारला गेला. आता एखाद्या मॉडेलवर 'थर्ड' असं नाव आणि 'पीई-पी' असा संकेत एकत्र दिसला तर ते विमान कधी अस्तित्वातच नव्हतं.

मग साचा. पी-५१बी आणि सी यांची पाठ सरळ असते आणि कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, चौकटींची. पी-५१डी ची कॅनॉपी बुडबुड्यासारखी. डी प्रकारातल्या पहिल्या मोठ्या उत्पादन-संचाला, म्हणजे डी-५ ला, शेपटीच्या पुढे पाठीवर येणारा निमुळता उंचवटा कारखान्यातून नव्हता. डी-१० पासून तो आला आणि आधीच्या बऱ्याच विमानांना नंतर जोडला गेला. त्यामुळे इथे अनुक्रमांकावर विसंबू नका, त्या महिन्याचा फोटोच बघा.

पी-४० मध्ये हाच गोंधळ नाकावर रंगवलेल्या शार्कच्या तोंडाखाली लपतो. चीनसाठी लढलेल्या 'फ्लाइंग टायगर्स' तुकडीची मूळ विमानं टॉमाहॉक, म्हणजे पी-४० च्या आधीच्या प्रकारची. त्यांच्या नाकावर, इंजिनाच्या वरच्या बाजूला दोन मशिनगनच्या नळ्या दिसतात. नंतरच्या पी-४०ई च्या नाकावर नळ्या नाहीत, सहाही मशिनगन पंखांत आणि हनुवटीखालची हवेची वाट खोल. तुकडीला १९४२ च्या वसंतात काही ई विमानं मिळाली होती, म्हणून ई दिसलं की लगेच चूक म्हणायचं नाही; तारीख बघायची. या तुकडीची आणखी एक सोपी कसोटी आहे. १ ते ३३ क्रमांक पहिल्या स्क्वॉड्रनचे, शेपटीपुढचा पट्टा पांढरा. ३४ ते ६६ दुसऱ्याचे, पट्टा निळा. ६७ ते ९९ तिसऱ्याचे, पट्टा लाल. त्यामुळे टेक्स हिलच्या ४८ क्रमांकावर निळा पट्टा हवा, आर. टी. स्मिथच्या ७७ वर लाल. तुकडीचं चिन्ह असलेला झेपावणारा पंखवाला वाघ डिसेंबर १९४१च्या पहिल्या लढायांनंतर आला, म्हणून 'कुनमिंगची पहिली लढाई' असं खोक्यावर असेल तर तो वाघ धडावर नको. ४ जुलै १९४२ ला तुकडी विसर्जित झाली. त्यानंतरची चीनमधली शार्क तोंडं मुख्यतः २३व्या फायटर ग्रुपची.

त्यानंतर विमानावरचं अमेरिकन राष्ट्रचिन्ह, म्हणजे तारा. मे १९४२ पर्यंत ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका होता, तो काढला. जून १९४३ च्या अखेरीस ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि भोवती लाल कड आली. काही आठवड्यांतच ती कड निळी केली गेली. लाल कडेचं चिन्ह असलेलं मॉडेल म्हणजे १९४३ चा उन्हाळा आणि फार तर नंतरचे काही महिने.

नॉर्मंडीच्या स्वारीचे काळे-पांढरे पट्टे ही सर्वात उपयोगी घड्याळ-खूण. जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यात ते रंगवले गेले: तीन पांढरे, दोन काळे. जुलैत वरच्या बाजूचे पुसायला सुरुवात झाली आणि खालचे पुढे काही महिने राहिले. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा. म्हणजे १:७२ वर ६.३५ मिलिमीटर आणि पाच मिळून ३१.७५, १:४८ वर एकेक ९.५ मिलिमीटर. व्हर्नियर (बारीक माप घेणारं साधन) लावून मोजा, स्वस्त मॉडेलं इथेच उघडी पडतात. डॉन जेंटिलचं 'शांग्रि-ला' हे पी-५१बी १३ एप्रिल १९४४ ला डेब्डनवर जमिनीलगत उडताना आपटून मोडलं. त्यावर हे पट्टे दिसले तर ते मॉडेल परत ठेवा. इटलीतल्या लाल शेपटीच्या विमानांवरही ते नसत.

पाडलेल्या विमानांच्या खुणा मोजा. अमेरिकन वैमानिक रिचर्ड बाँगच्या पी-३८ वर त्याच्या वाग्दत्त वधूचा, मार्जचा, फोटो मोठा करून नाकाच्या डाव्या बाजूला चिकटवला होता. ते विमान, ४२-१०३९९३, २४ मार्च १९४४ ला न्यू गिनीत दुसरा वैमानिक उडवत असताना नष्ट झालं. त्याचे अवशेष २०२४ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं. बाँगची एकूण संख्या ४० झाली ती त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. त्यामुळे शेपटीवर २१०३९९३ आणि नाकाशी ४० जपानी झेंडे हे जमतच नाही.

उलट, एकाच विमानाची दोन वेगळी मॉडेलं दोन्ही बरोबर असू शकतात. बड अँडरसनचं 'ओल्ड क्रो', ४४-१४४५०, संकेत 'बी६-एस', आधी गडद हिरव्या रंगात होतं. १९४४ च्या हिवाळ्यात बर्फावर हिरवं विमान उठून दिसू लागलं, तेव्हा जमिनीवरच्या तंत्रज्ञांनी रंग काढून ते उघड्या धातूचं केलं. दोन्ही घेऊन शेजारी ठेवावीत, अशी जोडी क्वचित मिळते. हिरव्या अवतारातही पट्ट्यांची स्थिती महिन्यागणिक बदलते हे लक्षात ठेवा.

उघड्या धातूबद्दल एक बारकावा. मस्टँगच्या पंखांचे सांधे पुट्टीने भरून त्यावर चंदेरी रंग दिला जाई, कारण त्या पंखाच्या आकाराला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. म्हणून धड चमकदार, पंख जरा मंद चंदेरी आणि पंखावर रेषा फारच थोड्या, असं मॉडेल बरोबर. पंखभर खोल रेषा आणि रिव्हेट कोरलेले असतील तर ते डोळ्यांना 'तपशीलवार' वाटतं, पण चुकीचं असतं.

शेवटी बाजू. चित्र बहुतेक वेळा डाव्या बाजूला असे, उजवीकडे वेगळं नाव किंवा काहीच नसे. दोन्ही बाजूंना तेच चित्र छापलेलं दिसलं तर उजव्या बाजूचा फोटो शोधा. शार्क आणि कवटी मात्र दोन्हीकडे असतातच. बर्मा बॅन्शीजच्या कवट्या हाताने काढलेल्या, त्यामुळे प्रत्येकीचे दात आणि डोळे वेगळे. एका विमानाची कवटी दुसऱ्या क्रमांकावर चालत नाही.

काही वाद मात्र मिटत नाहीत. बॉटिशॅमच्या चार मस्टँगच्या प्रसिद्ध रंगीत फोटोतलं 'लू फोर' वरून निळं होतं की हिरवं, यावर अभ्यासक दशकानुदशकं भांडत आहेत. जुन्या रंगीत फिल्मवरच्या छटेला अंतिम पुरावा मानता येत नाही. अशा ठिकाणी कोणताही रंग घ्या, फक्त नोंदवहीत तो का घेतला ते लिहा.

जर्मन विमानांवर स्वस्तिकाची खूण बऱ्याचदा गाळलेली किंवा अर्धवट छापलेली दिसते, कारण जर्मनीत ते चिन्ह दाखवण्यावर कायद्याने बंधन आहे. तो छपाईचा दोष समजून विक्रेत्याशी वाद घालू नका.

पाचवी पायरी: जुन्या बाजारातली तपासणी

विक्रेत्याकडून नेमके हे फोटो मागा: नाकाच्या दोन्ही बाजू जवळून, शेपटीचा क्रमांक, पोट, दोन्ही पंखांची टोकं समोरून एका रेषेत, आणि खोक्यातला ट्रे सगळ्या सुट्या भागांसकट. ट्रेमध्ये स्टँड, उघडी आणि मिटलेली चाकांची झाकणं, वैमानिकाची आकृती, इंधनाच्या टाक्या आणि असल्यास अँटेना असायला हवी. मिटलेली झाकणं हरवली की विमान उडत्या स्थितीत ठेवता येत नाही, आणि ती सुटी मिळणं जवळपास अशक्य.

सर्वात गंभीर आजार म्हणजे जस्ताची कीड. डायकास्टचा धातू जस्ताचा, त्यात ४ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम. ओतताना शिसं किंवा कथलासारखी अशुद्धी मिसळली गेली की धातूच्या कणांमधल्या सांध्यांतून गंज सुरू होतो. दमट आणि गरम हवेत तो वेगाने पसरतो. आधी रंगावर केसासारख्या भेगा दिसतात, मग फुगवटे, मग पंख वाकतात, धडाची जोडरेषा उघडते, कडेला करडी भुकटी पडते. यावर उपाय नाही. रंगाने झाकून विकलेली मॉडेलं येतात, म्हणून पंखांच्या टोकांचा समोरून घेतलेला फोटो महत्त्वाचा. ही कीड शेजारच्या मॉडेलला मात्र लागत नाही. तो दोष त्या ओतकामातलाच असतो.

नोज आर्ट नंतर चिकटवलेलं आहे का, तेही पाहा. कारखान्यात चित्र टॅम्पो पद्धतीने छापतात: कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि विमानावर दाबतो. रंगागणिक वेगळा ठसा. तिरप्या उजेडात त्याच्याभोवती पारदर्शक पापुद्र्याची कड दिसत नाही. कड दिसली तर ते डिकल, म्हणजे वरून चिकटवलेलं छापील चित्र, आहे. हौशी लोकांनी साध्या विमानावर प्रसिद्ध चित्र लावून ते मूळ म्हणून विकणं सर्रास चालतं. टॅम्पोचे रंग एकमेकांवर सरकलेले असतील, म्हणजे ओठ चेहऱ्याबाहेर किंवा दात शार्कच्या ओठांवर, तर किंमत कमी करून मागा. असा तुकडा संग्रहात ठेवण्यासारखा नाही.

सहावी पायरी: परदेशातून मागवणं

भारतात आयात करताना ही मॉडेलं सहसा खेळणी म्हणून धरली जातात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शुल्क मालाच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, वाहतूक आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर लागतं. ती रक्कम ५,००० रुपये आणि दर ७० टक्के धरला तर नुसतं मूळ शुल्क ३,५०० रुपये, त्यावर अधिभार, आयजीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क वेगळं. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डरच्या आठवड्यातला दर बघा. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पार्सल अडेल का, हे कुरिअर कंपनीला पैसे भरण्याआधीच लेखी विचारा. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून सामानातून आणवायचं असेल तर मॉडेल केबिन बॅगेत, मूळ ट्रेसकट आणावं.

पॅकिंगबद्दल विक्रेत्याला तीन गोष्टी सांगा. ट्रे रबरबँडने नव्हे, कागदी पट्टीने बांधायचा. मूळ खोक्याभोवती चारही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर भरण. बाहेरचं खोकं दुहेरी पन्हळीचं. वाटेत मोडतात ते प्रोपेलर, अँटेना आणि चाकांचे पाय, कारण जड धातूचं धड ट्रेमध्ये हलतं आणि त्याचा सगळा धक्का या बारीक प्लास्टिकवर येतो.

सातवी पायरी: खोलणं आणि जोडणं

टेबलावर जाड टॉवेल अंथरा, हात धुऊन कोरडे करा. मॅट रंगावर घामाचे ठसे उमटतात आणि जात नाहीत, म्हणून सुती हातमोजे बरे. ट्रे उघडल्यावर विमान धडाच्या मध्यभागी धरा. पंखाच्या टोकाला किंवा शेपटीला धरून उचलू नका.

चाकांची झाकणं बसत नसतील तर जोर लावू नका. भोकात रंग साचलेला असतो आणि दाबलं की खुंटी मोडते. ०.५ किंवा ०.६ मिलिमीटरचं ड्रिल हातानेच दोन-तीन वेळा फिरवून रंग काढा. वाकलेली प्लास्टिकची अँटेना किंवा प्रोपेलरची पाती ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. उकळतं पाणी वापरलं तर पातं पिळवटतं.

सुटा भाग चिकटवताना सुपरग्लू कॅनॉपीजवळ आणू नका. त्याची वाफ पारदर्शक भागावर पांढरी साय धरते. तिथे पांढरा फेविकॉल पुरेसा आहे: टाचणीच्या टोकाएवढा थेंब, रात्रभर वाळू द्यायचा.

विमान चाकांवर की स्टँडवर? आमचं मत स्पष्ट आहे: स्टँडवर, चाकं मिटून. जस्ताचं वजन वर्षानुवर्षं बारीक पायांवर राहिलं की पाय फाकतात, आणि मऊ टायर रंगवलेल्या किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागावर डाग सोडतात. शिवाय नाकावरचं चित्र उडत्या स्थितीत डोळ्यांच्या रेषेत येतं. चाकांवरच ठेवायचं असेल तर पोटाखाली पारदर्शक ॲक्रिलिकचा ठोकळा टेकू म्हणून द्या.

चित्र स्वतः लावायचं असेल तर

हवं ते विमान तयार मिळत नसेल तर त्याच ग्रुपचं साधं, स्वस्त मॉडेल घेऊन त्यावर १:७२ चं पाण्याचं डिकल लावता येतं. मॅट रंगावर डिकल सरळ लावलं की खाली हवा अडकते आणि ते चंदेरी दिसतं. म्हणून आधी फक्त त्या जागी ॲक्रिलिक ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात द्या, चोवीस तास वाळू द्या. डिकल कोमट पाण्यात २० ते ३० सेकंद भिजवा, कागदावरून सरकवून बसवा, ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी काढा. डिकल मऊ करणारं द्रावण आधी पोटाखाली एक थेंब टाकून बघा. काही द्रावणं टॅम्पोची शाई विरघळवतात. दुसऱ्या दिवशी मॅट वार्निशचा एक हात. आधीचा छापील संकेत काढायचा असेल तर कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं, पण खालचा रंग टिकतो का ते आधी लपलेल्या जागी पाहा. असं मॉडेल पुढे विकताना बदल केल्याचं सांगायलाच हवं.

आठवी पायरी: कपाट आणि पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू. बंद होणारं काचेचं कपाट हवं, दाराला रबरी किंवा ब्रशची पट्टी. ते बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. आतल्या भिंतीपाशी, ५ सेंटिमीटर अंतर सोडून ठेवा. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राखा. सिलिका जेल केशरी रंगाचं घ्या, ते ओलं झालं की हिरवं होतं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा वापरता येतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघावं लागतं.

झुरळांसाठी आणि कसरीसाठी कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवण्याची सवय घरोघरी आहे. इथे ती मोडा. नॅफ्थलीनची वाफ कॅनॉपीचं पॉलिस्टायरीन मऊ करते आणि कॅनॉपी धुरकट होते, ती परत स्वच्छ होत नाही. खोक्यांवर कसर लागू नये म्हणून ती झाकणाच्या प्लास्टिक पेटीत सिलिका जेलसोबत ठेवा. मॉडेल मात्र पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवू नका, प्लास्टिक रंगाला चिकटतं. स्पंजही काही वर्षांत विरतो आणि चिकट होतो.

थेट ऊन नको. लाल रंग सर्वात आधी उडतो, आणि लाल म्हणजे शार्कचं तोंड, लाल नाकं, लाल शेपट्या. एलईडी पट्टी चालेल, पण तिचा ट्रान्सफॉर्मर कपाटाबाहेर ठेवा.

धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने नाकाकडून शेपटीकडे झाडा, कोपऱ्यांत कॅमेऱ्याचा हातपंप. ओले टिश्यू, स्पिरिट, कॉलिन यातलं काही नको. नाकावरचं चित्र जाण्याचं सर्वात मोठं कारण साफसफाईच असतं.

नोंदवही

प्रत्येक मॉडेलसाठी एक पान: कंपनी आणि क्रमांक, वैमानिक, ग्रुप आणि स्क्वॉड्रन, अनुक्रमांक, मॉडेल कोणत्या तारखेचं धरलं आहे, ताडण्यासाठी वापरलेला फोटो कुठला, काय जुळतं, काय जुळत नाही, सुटे भाग किती, विकत घेतल्याची किंमत आणि शुल्क वेगवेगळं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक विमान भिंगाखाली घ्या आणि पंखांची टोकं, जोडरेषा आणि चाकांचे पाय पाहून त्याच पानावर तारीख टाका. जस्ताची भेग पहिल्या वर्षी केसाएवढी असते. आधीच्या वर्षीची नोंद असेल तरच ती नवी आहे की जुनी, ते कळतं.